हाताने चालते मग क्रॉनमध्ये का नाही? स्क्रिप्ट, युजर आणि वेळ एकत्र शिकायचं

तू लिहिलंस की डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस, लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय, कमांड बऱ्यापैकी येतात, आणि आता शेल स्क्रिप्टिंग (कमांड फाइलमध्ये लिहून एकदम चालवणं), युजर मॅनेजमेंट आणि टास्क शेड्युलिंग हे तीन विषय कोणत्या क्रमाने करू. आणि शेवटी जाता जाता विचारलंस की कॉलेज प्रोजेक्टच्या डेटाबेसचा बॅकप घेणारी स्क्रिप्ट टर्मिनलवर व्यवस्थित चालते पण क्रॉनटॅबमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) टाकली की सकाळी फोल्डर रिकामा. मला तुझा हा दुसरा प्रश्नच जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्यातच आहे. (कमांड मी आपण बोलतो तशा लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी स्पेलिंग टाक.)

मी पुण्यात १८ वर्षं सर्व्हर सांभाळतोय आणि नवीन पोरं टीममध्ये येतात तेव्हा दरवेळी एकच गोष्ट दिसते. युजरअॅडचे (खातं बनवणारी कमांड) ऑप्शन पाठ, फॉर लूप पाठ, क्रॉनचे पाच स्टार पाठ, पण तिन्ही वेगवेगळ्या वहीत. सर्व्हरवर रात्री दोन वाजता एखादं काम चालतं तेव्हा काय चालतंय, कोणाच्या नावाने चालतंय आणि कधी चालतंय हे तिन्ही प्रश्न एकदमच असतात, आणि बिघाड होतो तो बहुतेक वेळा यांच्या सांध्यावर होतो. म्हणून क्रम वगैरे सोड. एकच काम घे, तुझा तो रोजचा बॅकप, आणि त्याच्यावर महिना दीड महिना घालव, तिन्ही विषय त्यातून आपोआप निघतात.

स्क्रिप्टपासून सुरू करू. पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश लिहितात ते का लिहितात हे नीट समजून घे. शेल म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. मूळ बोर्न शेल १९७९ च्या युनिक्समधला, स्टीफन बोर्नचा, आणि बॅश १९८९ मध्ये ब्रायन फॉक्सने ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टसाठी लिहिला. बॅशमध्ये बऱ्याच सोयी नंतर आल्या, उदाहरणार्थ दुहेरी चौकोनी कंस. आता उबुंटूवर २००६ पासून 'एसएच' म्हटलं की बॅश चालत नाही, डॅश नावाचा छोटा आणि वेगवान शेल चालतो, त्याला दुहेरी कंस कळतच नाही. त्यामुळे कोणी 'एसएच बॅकप.एसएच' असं चालवलं की पहिल्या ओळीत तू काहीही लिहिलेलं असो, ती ओळ नुसती कॉमेंट होते आणि स्क्रिप्ट डॅशच्या हातात जाते. म्हणून स्क्रिप्टला सीएचमॉड प्लस एक्स कर (म्हणजे चालवायची परवानगी दे) आणि तिच्या पूर्ण पाथनेच चालव. आणि विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणलेली स्क्रिप्ट असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटून येतं आणि 'बॅड इंटरप्रिटर' किंवा नव्या बॅशमध्ये 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' अशी एरर येते, डॉसटूयुनिक्स चालवलं की जातं.

दुसरं म्हणजे व्हेरिएबलभोवती डबल कोट. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण एकदा तरी विसरतोच. आपल्याकडे ऑफिसात फाइलींची नावं 'मार्च हिशोब', 'साहेबांची सही झालेली यादी' अशी असतात, मध्ये स्पेस. $फाइल नुसतं लिहिलं की शेल त्या स्पेसवर तोडतो आणि तुझी एक फाइल दोन होते, मार्च वेगळी आणि हिशोब वेगळी, आणि दोन्ही सापडत नाहीत. "$फाइल" लिहिलं की अख्खी राहते. कॉपी करताना हे झालं तर एरर येऊन थांबेल, पण आरएम (फाइल उडवणारी कमांड) करताना झालं तर 'मार्च' नावाची भलतीच फाइल उडू शकते. स्टीम या गेम्सच्या अॅपच्या लिनक्स क्लायंटमध्ये २०१५ च्या जानेवारीत असाच प्रकार उघड झाला होता, स्क्रिप्टमध्ये आरएम -आरएफ "$स्टीमरूट/"* अशी ओळ होती आणि ते व्हेरिएबल रिकामं राहिलं की उरायचं फक्त स्लॅश आणि स्टार, म्हणजे डिस्कच्या मुळापासून (रूट डिरेक्टरी) सगळं, लोकांच्या होम डिरेक्टरी गेल्या. तिथे डबल कोट होते बरं का, तरीही. म्हणून डिलीट करणाऱ्या ओळीत व्हेरिएबल महिरपी कंसात घालून पुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावायचं, मग रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. आणि शेलचेक नावाचं फुकट टूल आहे, एपीटीने इन्स्टॉल होतं, स्क्रिप्ट त्याला दाखवली की अशा जागा तो ओळ नंबरसकट सांगतो. मी आजही प्रत्येक स्क्रिप्ट त्याच्यातून काढल्याशिवाय सर्व्हरवर ठेवत नाही.

आता एक्झिट कोड. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा देते, ० म्हणजे काम झालं, बाकी काहीही म्हणजे झालं नाही, आणि तो $? मध्ये मिळतो. यावरचा माझा अनुभव सांगतो कारण तुझं बॅकपचंच काम आहे. एका ठिकाणी मी मायएसक्यूएलडम्पचं (डेटाबेसची नक्कल काढणारी कमांड) आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) जीझिपला (फाइल दाबून लहान करणारी कमांड) देऊन रोजची फाइल बनवत होतो, मग कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, त्या दिवसापासून डम्प फेल व्हायला लागला पण पाइपमध्ये एक्झिट कोड धरला जातो तो शेवटच्या कमांडचा, आणि जीझिपला तर काहीच अडचण नव्हती, त्याने शून्य माल घेतला आणि रिकाम्या मालाची व्यवस्थित पॅक केलेली फाइल तयार केली. रोज नवी फाइल, रोज बरोबर तारीख, साइज २० बाइट. मी फोल्डर उघडून तारखा बघायचो आणि साइजचा कॉलम कधी बघितलाच नाही. पाच आठवड्यांनी एक टेबल परत हवं झालं तेव्हा कळलं. त्या माणसांनी दोन दिवस कागदावरून एंट्री परत भरल्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून भरत होतो, ते अजून विसरलो नाही.

म्हणून स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत 'सेट -ई -यू -ओ पाइपफेल' लिही. ई म्हणजे एखादी कमांड फेल झाली की थांब, यू म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब, आणि पाइपफेल म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड पडली तर अख्खा पाइप पडला असं धर. ई वर मात्र डोळे झाकून भरवसा नको, इफच्या अटीत किंवा अँड-अँड, ऑर-ऑरच्या साखळीत कमांड असेल तर तो थांबत नाही, तिथे स्वतः तपासावं लागतं. आणि बॅकप आधी टेम्पररी नावाने बनवायचा, साइज ठराविक आकड्यापेक्षा जास्त आहे का बघायचं, 'जीझिप -टी' ने फाइल धड आहे का बघायचं, मग एमव्ही करून खरं नाव द्यायचं. जुन्या फाइली उडवायच्या त्या सगळ्यात शेवटी, नवी नीट झाली तरच. बरेच जण स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच फाइंड -एमटाइम +७ -डिलीट (आठवड्याहून जुन्या फाइली शोधून उडव) टाकतात, मग नवा बॅकप होत नाही आणि जुना रोज एक एक करत संपतो, आठवड्यात हातात काहीच उरत नाही. आणि त्या फाइंडमध्ये -डिलीट कायम शेवटी लिही. फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो, डिलीट आधी आलं तर पुढच्या अटी बघण्याआधीच तो उडवून मोकळा होतो.

एवढी स्क्रिप्ट झाली की मग प्रश्न येतो, ही चालवायची कोणी? तुझं सध्याचं उत्तर 'मी' किंवा 'सुडो' (म्हणजे रूट या सर्वाधिकारी युजरच्या हक्काने) असणार. इथून युजर मॅनेजमेंट सुरू होतं, आणि ते नुसतं माणसांची खाती उघडण्यापुरतं नाही.

ईटीसीमधली पासवर्ड फाइल उघडून बघ, नाव पासवर्ड असलं तरी आता पासवर्ड तिथे नसतात, ते शॅडो फाइलमध्ये असतात जी साध्या युजरला वाचताच येत नाही. पासवर्ड फाइलमध्ये एका ओळीत कोलनने वेगळे केलेले सात भाग असतात: नाव, पासवर्डच्या जागी एक्स, युजर नंबर, ग्रुप नंबर, माहिती, होम डिरेक्टरी आणि शेल. लिनक्सला नाव कळत नाही, नंबर कळतो. रूट म्हणजे नंबर ०, माणसांचे नंबर साधारण १००० पासून सुरू, त्याच्याखाली सर्व्हिसेसचे. हे नंबर प्रकरण लक्षात ठेव कारण त्यात एक खरा धोका आहे. सगळ्यात शेवटी बनवलेला युजर काढला, त्याच्या फाइली तशाच राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवीन माणसाचं खातं उघडलं तर त्याला तोच मोकळा झालेला नंबर मिळतो आणि जुन्या माणसाच्या सगळ्या फाइली आता याच्या मालकीच्या दिसतात. कोणी हॅक केलेलं नसतं, नंबर जुळला एवढंच. म्हणून युजर काढल्यावर 'फाइंड / -नोयुजर' चालवून बेवारस फाइली शोधायच्या आणि त्यांचं काय ते ठरवायचं.

ग्रुपमध्ये टाकताना 'युजरमॉड -एजी' मधला तो छोटा ए कधीही गाळू नकोस. नुसतं मोठं जी लिहिलं की तो माणूस बाकीच्या सगळ्या जोडग्रुपमधून बाहेर निघतो, सुडोच्या ग्रुपमधूनसुद्धा, आणि स्वतःच्याच लॅपटॉपवर स्वतःलाच असं बाहेर काढलेली बरीच मुलं मी बघितलीयेत. आणि ग्रुप बदलला तरी चालू असलेल्या लॉगिनला तो लागू होत नाही, लॉगआउट करून परत यावं लागतं. उबुंटूवर युजरअॅड वापरलंस तर होम डिरेक्टरी मिळण्यासाठी -एम द्यावं लागतं, अॅडयुजर वापरलंस तर तो विचारत विचारत सगळं करून देतो. रेड हॅटच्या कुटुंबात मात्र युजरअॅडच होम बनवून देतो, मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो.

आता तुझ्या बॅकपसाठी वेगळा सिस्टिम युजर बनव. नाव 'बॅकप' ठेवू नकोस, डेबियन उबुंटूमध्ये त्या नावाचा आधीपासून असतो. मी 'रातपाळी' ठेवतो. शेल नोलॉगिन, पासवर्ड नाही, डेटाबेस फक्त वाचायची परवानगी, बॅकपच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी, बस. कोणाला लॉगिन करता येत नाही तरी क्रॉन त्याच्या नावाने काम चालवतो, कारण क्रॉन त्या सातव्या भागातला शेल बघतच नाही. टेस्ट करायचं तर 'सुडो -यू रातपाळी' लावून स्क्रिप्टचा पूर्ण पाथ दे. रूटने चालवलं की परवानगीच्या चुका झाकल्या जातात आणि स्क्रिप्टमधली एखादी चूक अख्ख्या मशीनला भोवते.

माणसाच्या खात्यातून रात्रीची कामं का चालवायची नाहीत याचं अजून एक कारण आहे आणि पुस्तकात हे दोन वेगळ्या चॅप्टरमध्ये असल्यामुळे कोणी जोडून सांगत नाही. बऱ्याच कंपन्यांत ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती असते, 'चेज -एल' ने मुदत दिसते. ती मुदत संपली आणि त्या माणसाने पासवर्ड बदलला नाही तर क्रॉन त्याचं काम चालवायलाच नकार देतो, कारण काम सुरू करण्याआधी तो पॅमला (लॉगिन आणि खाती तपासणारी लिनक्सची यंत्रणा) विचारतो की हे खातं वैध आहे का. लॉगमध्ये एक ओळ येते आणि संपलं. माणूस नोकरी सोडून गेला आणि खातं बंद केलं तरी तेच. मी स्वतः एका ठिकाणी गेलो होतो तिथे जुन्या अॅडमिनच्या क्रॉनटॅबमध्ये अकरा कामं होती आणि तो जाऊन चार महिने झाले होते. आणि उलट बाजूही बघ, 'पासवर्ड -एल' ने फक्त पासवर्ड लॉक होतो, त्या माणसाची एसएसएच की (दुरून पासवर्डशिवाय लॉगिन करायची किल्ली) आत असेल तर तो की लावून येऊ शकतो. खातं खरंच बंद करायचं तर 'चेज -मोठं ई ०' ने खात्याची मुदत संपवायची आणि ऑथोराइज्ड कीज (त्या किल्ल्यांची फाइल) पण बघायच्या.

आता क्रॉन. पाच जागा म्हणजे मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. ० २ * * * म्हणजे रोज रात्री दोन वाजता. यात फसवणारी जागा एकच, तारीख आणि वार दोन्ही दिलेस तर क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही, यातलं एक जुळलं तरी चालवतो. ० २ १३ * ५ म्हणजे १३ तारखेचा शुक्रवार असं वाटतं पण ते दर शुक्रवारी आणि दर १३ तारखेला चालतं. 'क्रॉनटॅब -ई' ने एडिट आणि 'क्रॉनटॅब -आर' ने न विचारता सगळं साफ, आणि कीबोर्डवर ई आणि आर शेजारी शेजारी आहेत, म्हणून 'क्रॉनटॅब -एल' चं आउटपुट एका फाइलमध्ये आत्ताच ठेवून दे.

आणि आता तुझा रिकामा फोल्डर. क्रॉन तुझं काम चालवतो तेव्हा तू लॉगिन केलेलं नसतंस, त्यामुळे तुझा बॅशआरसी (शेल सुरू होताना वाचली जाणारी तुझ्या सेटिंगची फाइल) वाचला जात नाही, तुझे अलायस (कमांडची टोपणनावं) नाहीत, तुझे एक्सपोर्ट केलेले व्हेरिएबल नाहीत, पाथ व्हेरिएबलमध्ये (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायची ती यादी) फक्त /युएसआर/बिन आणि /बिन, शेल म्हणजे तो डॅश, आणि चालू फोल्डर म्हणजे होम. म्हणजे तुझ्या स्क्रिप्टमध्ये 'बॅकप/' असा अर्धा पाथ असेल तर फाइल भलतीकडे गेली असेल, होममध्ये बघ, कदाचित सगळे बॅकप तिथेच पडलेत. आणि तू लिहिलंस की फाइलच्या नावात तारीख येण्यासाठी 'डेट' कमांड क्रॉनटॅबच्या ओळीतच टाकलीयेस, तर मला जवळजवळ खात्री आहे की दोष तिथे आहे. क्रॉनटॅबमध्ये % चा अर्थ नवी ओळ असा होतो, त्यामुळे डेट +%डी च्या पहिल्या % लाच तुझी कमांड कापली गेली आणि उरलेलं तिला इनपुट म्हणून गेलं. तारीख स्क्रिप्टच्या आत काढ, क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पाथ ठेव. मॅन क्रॉनटॅबमध्ये (मॅन म्हणजे लिनक्समधलंच मदतीचं पुस्तक) हे लिहिलेलं आहे पण मध्येच एका परिच्छेदात, कोणाच्या नजरेस पडत नाही.

उद्या क्लाउडवर सर्व्हर घेतलास तर अजून एक. ते बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतात आणि आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तू रात्री दोन म्हणून लिहिलेलं काम आपल्याकडे सकाळी साडेसातला चालणार. एक तर ३० २० * * * लिही नाहीतर टाइमडेटसीटीएलने टाइमझोन एशिया/कोलकाता कर आणि क्रॉन रिस्टार्ट कर, ते रिस्टार्ट विसरलं की क्रॉन जुन्याच घड्याळावर चालत राहतो. पुण्यात बसून अमेरिकेतले सर्व्हर बघायची वेळ आली तर तिथे वर्षातून दोनदा रात्री दोनच्या सुमारास घड्याळ पुढेमागे होतं, त्या तासात काम ठेवूच नये.

बॅकप घेताना कधी कधी कालचाच चालू असतो आणि आजचा सुरू होतो, त्यासाठी 'फ्लॉक -एन' लाव, आधीचा चालू असेल तर नवा गपचूप परत जातो. लॅपटॉप रात्री बंद असेल तर क्रॉन ती वेळ सोडून देतो, मशीन चालू झाल्यावर राहिलेलं काम करायचं असेल तर सिस्टिमडी टायमरमध्ये (क्रॉनचा नवा पर्याय) पर्सिस्टंट ट्रू लिहावं लागतं. टायमर चांगलेच आहेत, लॉग जर्नलमध्ये आपोआप जातो आणि 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स' ला पुढची वेळ दिसते, पण आधी क्रॉन नीट कर कारण जुन्या सर्व्हरवर तोच भेटणार.

क्रॉनमधल्या कामाचं आउटपुट कुठे जातं हे मात्र आजच ठरव. काही केलं नाहीस तर तो लोकल मेल पाठवायला बघतो आणि तुझ्या उबुंटूवर मेल सर्व्हरच नसेल तर एरर हवेत जाते. ओळीच्या शेवटी > लॉगफाइल आणि मग २>&१ (म्हणजे एररही तिथेच पाठव), याच क्रमाने, उलटा लिहिलास तर एरर फाइलमध्ये येत नाहीत. आणि मेलवर विसंबणारे मोठेही फसलेत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड ठेवायच्या साइटच्या एका इंजिनियरकडून चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडाली, बॅकप शोधायला गेले तर रोजचा पीजीडम्प (पोस्टग्रेस डेटाबेसची नक्कल काढणारी कमांड) फेल होत होता, कारण टूलचं व्हर्जन डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हतं, आणि फेल झाल्याचे क्रॉनचे मेल पलीकडचा मेल सर्व्हर डीमार्कमुळे (मेल खरा कोणाचा हे तपासायचा नियम) नाकारत होता. त्यांनी हे सगळं स्वतः सविस्तर लिहून जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. साधारण सहा तासांचा डेटा गेला, तोही नशिबाने एकाने आधी हाताने स्नॅपशॉट घेतला होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. म्हणून मी आता उलटं करतो, बॅकप नीट झाला की स्क्रिप्ट एका फाइलवर टच मारते (तिची वेळ ताजी करते) आणि दुसऱ्या मशीनवरचं एक छोटं काम ती फाइल २६ तासांपेक्षा जुनी झाली का एवढंच बघतं आणि जुनी असली की मला फोनवर कळतं. बिघाडाची बातमी यायची वाट बघायची नाही, सगळं ठीक असल्याची बातमी आली नाही की उठायचं.

वाचायला मॅन बॅश जड जाईल, आधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले लिनक्स आणि बॅशचे धडे बघ, मराठीतून आहेत आणि थांबून थांबून सोबत टाइप करता येतात. पण ते बघत बघत तुझा बॅकप चालू ठेव, आणि दर रविवारी त्यातली एक फाइल दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये रिस्टोर करून ओळी मोज.

आज रात्री एवढं कर. क्रॉनटॅबमध्ये दर मिनिटाला 'एन्व्ह' (चालू व्हेरिएबलची यादी दाखवणारी कमांड) चं आउटपुट टेम्पमधल्या एका फाइलमध्ये टाकणारी ओळ लिही, दोन मिनिटांनी ती ओळ काढ, आणि ती फाइल तुझ्या टर्मिनलवरच्या एन्व्हच्या आउटपुटशेजारी ठेवून बघ, फरक डोळ्यांनी दिसेल. मग % ची ओळ सुधार. तरीही सकाळी फोल्डर रिकामा असेल तर 'जर्नलसीटीएल -यू क्रॉन' मधल्या त्या वेळेच्या ओळी आणि 'क्रॉनटॅब -एल' इथे टाक, डेटाबेसचा पासवर्ड काढून, मी बघतो.